माऊसखालची यादी

परंडा, मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या मास्तरांचा कॉम्प्युटर जुना, रॅम दोनच जीबी. त्यावर चालतील असे सात जुने रोल-प्लेइंग गेम मी स्वतः तपासून, कुठला किती मेमरी खातो तेही मांडून लिहून दिले होते.

आज गेलो तर मास्तर खेळात दंग. "जावईबापूंनी सुचवला. लई भारी!"

माझ्याच यादीतला पहिला गेम! आणि यादी? घडी करून माऊसखाली. जावयानं कधी जुनं मशीन उघडून तरी बघितलंय का?

"पण गुहेत अडकलोय हो. बाहेरची वाट कुठं आहे?"

वाट मी त्याच कागदाच्या मागं लिहिलेली.

"जावईबापूंना विचारा की," म्हणालो.

चुकलंच माझं. मास्तर फोन लावत बसले, आणि माऊस त्या कागदावर फिरत राहिला.