आधी सूज उतरू दे

प्रिय अहो,

चिमणी बरी आहे, हे आधी वाचा आणि मग खाली बसा.

काल झटका आला नाही. गाल वर आलेत, पण ते औषधाने. आईंना फक्त गालांचं सांगा.

मेंदूतला किडा म्हणे बरेच दिवस गुपचूप पडून होता. तो मरायला लागला तेव्हा अंगाला चाहूल लागली, अंग त्याच्यावर तुटून पडलं आणि त्या मारामारीत मेंदू सुजला. म्हणून डॉक्टरीणबाई आधी अंगाला शांत करतायत, किड्याचं औषध नंतर. चिमणीने विचारलं, "मग भांडतंय कोण, तो की मी?"

"तूच," मी म्हटलं.

"म्हणजे मी बाबांवर गेलेय."

तुम्ही वन्संशी बोलणं टाकलंत, असं आईंकडून कळलं. चिमणी रोज आत्याच्या हातचं जेवायची, म्हणून? अहो, ज्याच्या पोटात जंत, त्याच्या न धुतलेल्या हातून जंताची अंडी चिमणीच्या पोटात गेली, त्यातलाच किडा मेंदूत पोचला. तो घरातला कुणीही असेल. तपासणी सगळ्यांनी करा, तुम्हीसुद्धा.

मला एका जागी बसवत नाही. खिडकी ते खाट, खाट ते खिडकी. मीही तपासायला दिलंय, उद्या कळेल. माझ्यातच निघालं, तर माझ्याशीही बोलणं टाकाल का?

तुमचीच,
चिमणीची आई