तुमचं मासिक, माझं नाव

अहो,

लिहायला बसले, कारण उद्या सही मागायला येणारेत. लातूरच्या एका क्लासवाल्याला आपल्या शिक्षणाच्या मासिकाचं नाव पाहिजे. पहिली ते आठवीच्या लेकरांना कसं शिकवावं, ते छापणं बंद. आता नुसते परीक्षेचे प्रश्न! तुम्ही सरकारी गुरुजी, म्हणून कागदावर मालकीण केलं मला, तिसरी शिकलेल्या बाईला. आता तुम्ही गेलात, निस्तरायचं कुणी?

आपला विकास म्हणतो, "आई, कोण वाचतंय ते? करून टाक सही."

"तुझा बाप वाचायचा."

"अन् दुसरं कोण?"

"मी ऐकायचे!"

चपला घालून बाहेर गेला.

दुपारी डोळा लागला की किल्लारीचं पत्र्याचं शेड येतं. भूकंपात घर गेलं, शाळा गेली, अन् तुम्ही त्या शेडात बसून मासिकाला आलेले लेख मला मोठ्यानं वाचून दाखवताय. मी भाकरी थापतेय. तवा उन्हानं पत्रे तडतडले की परत भूकंप आला वाटून लेकरं बाहेर पळायची. स्वप्नात तेच पत्रे वाजतात, पण हळू, लांब कुणी पाढे म्हणल्यासारखे. पीठ उडतं, उन्हात तरंगत राहतं, खाली बसतच न्हाई. तुमचा आवाज येतो, तोंड दिसत न्हाई.

"समजलं का?"

"न्हाई."

मी असं म्हणलं की लेख लिहिणाऱ्याकडं परत! मोठमोठे प्राध्यापक चिडायचे तुमच्यावर. मला काय त्याचं? माझी भाकरी करपायची!

चाकूरच्या बाईंचा लेख आठवतो? भूकंपानंतर त्यांच्या वर्गातली एक पोरगी छपराखाली बसेना, तर बाईंनी अख्खा वर्गच लिंबाखाली नेला. तो वाचून तुम्ही मला विचारलंच न्हाई. माझा पदर डोळ्याला होता. तसाच छापलात.

एक सांगा, एवढ्या लेकरांना शिकवलंत, मला का न्हाई पुढं शिकवलंत? ऐकायला अडाणीच पाहिजे होती का? लई राग येतो कधीकधी.

काल त्याच बाईंचा फोन आला. "काकू, अंक कधी? लेख लिहून ठेवलाय."

मी म्हणलं, "पोस्टानं नको. घेऊनच या."

तर ऐका. उद्या सही करणार न्हाई. बाई माझ्या गॅसपाशी बसतील, मोठ्यानं वाचतील. मला समजल्याबिगर एक ओळ छापू देणार न्हाई, शब्द हाय माझा. तुम्ही पण या. वरचा पत्रा वाजला की मी ओळखीन.

तुमची, अन् मासिकाची मालकीण,
पार्वती