लॉकस्क्रीनवरचं तळं

४ नोव्हेंबर
दुकानातल्या कंप्युटरवर काल अपडेट आलं आणि लॉकस्क्रीनवरचा लेकीचा फोटो गेला. त्या जागी कुठलंतरी तळं. लाँड्रीत तळं कशाला. लेक भांडून गेली दुसऱ्या शहरात नोकरीला, तेव्हापासून फोन नाही. मीही करत नाही. मला काही फरक पडत नाही. पण गिऱ्हाइकांना त्या फोटोची सवय आहे. उद्या लावून टाकते.

५ नोव्हेंबर
लावला. सोपं असतं, लोक उगाच बाऊ करतात. पासवर्ड टाकला की लेक दिसते. त्याच्याआधी मात्र तळंच. नवरा इस्त्री करता करता म्हणाला, अगं, तू आतला बदललास, बाहेरचा तसाच आहे. म्हटलं, तुम्ही कॉलरी बघा.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
बाहेरचा सापडला. पेनड्राइव्हमधला फोटो लावला. लेक आली. पेनड्राइव्ह काढून कपाटात, दागिन्यांच्या डब्यात ठेवला. फोटोचं काही नाही, वस्तू जागेवर असलेली बरी.

८ नोव्हेंबर
सकाळी तळं.

१० नोव्हेंबर
संध्याकाळी लेक, सकाळी तळं. कंप्युटरच भिकार. नवरा म्हणाला, तिला विचार, लगेच सांगेल. म्हटलं, एवढ्याशा कामासाठी फोन करू? तो म्हणाला, मग मोठ्या कामासाठी कर. मी आत गेले. चादरी मोजायच्या होत्या.

१२ नोव्हेंबर
पडदे न्यायला आलेल्या बाईने विचारलं, तळं कुठलं हो, छान आहे. फोटोचं कोणी विचारत नाही. तिला पडद्यांसाठी उद्या या म्हटलं. तयारच होते.

१५ नोव्हेंबर, दुपार
फोन केला. कंप्युटरसाठीच. ते झालं की जेवण वेळेवर होतं का, खोली कशी आहे, हेही ओघात विचारायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, आई, पेनड्राइव्ह काढून ठेवतेस का? म्हटलं, रोज. म्हणाली, मग कसा राहील तो? फोटो आधी कंप्युटरमध्ये कॉपी कर, मग लाव. केला. झालं का? झालं. ती म्हणाली, बरं, ठेवते, काम आहे.

१६ नोव्हेंबर
सकाळी लॉकस्क्रीनवर लेक. अगदी व्यवस्थित. नवऱ्याने विचारलं, आता परत कधी फोन करशील? म्हटलं, कशाला, बिघडलंय काय.
दुपारी प्रिंटर तपासला. तोही चालतोय.