नाणी किती खोल गेली

सलवा, कुवेत
ऑक्टोबर १९९६

प्रिय कौमुदी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी अंगण खणत होते. हसू नकोस.

नव्वद सालच्या लढाईच्या वेळी काय घडलं ते तू माझ्या तोंडून सलग कधी ऐकलंच नाहीस. सलील कामासाठी मुंबईला गेलेला, मी इथे एकटी. इराकी सैन्य शहरात शिरलं. मी भारतात यायला निघाले तेव्हा शेजारी म्हणाले, वाटेत झडत्या होतायत, अंगावर काही ठेवू नका. लक्ष्मीपूजनाला मांडायची सासूबाईंची चांदीची नाणी मी फडक्यात बांधली आणि तुळशीच्या मुळाशी वीतभर खोल पुरली. तुळशीखाली कोण हात घालणार, हे माझं शहाणपण! इराकी शिपायाला तुळस काय नि कोथिंबीर काय!

लढाई संपल्यावर आम्ही दोघं परत आलो तर भाड्याचं घर तेच मिळालं, तुळस मात्र गेलेली. मालकिणीनं अंगणात मातीची भर टाकून हिरवळ लावलेली. मी वीतभर खणलं. काही नाही. नाशकात तुझ्या थोरल्या दादानं लगेच निकाल दिला, "वाटेत विकून खाल्ली असतील." साक्षीला कोण होतं? माझा शब्द, बस्स.

यंदा सलीलचा मित्र शत्रुघ्न धातू शोधायचं मशीन घेऊन आला. सुट्टीच्या दिवशी तो बनेद अल-गारच्या किनाऱ्यावर हरवलेल्या अंगठ्या हुडकत फिरतो. आमच्याकडे मशीन पावलापावलाला किंचाळायला लागलं. "वहिनी, ही चांदी नाही, मीठ ओरडतंय. नाद सोडा." बागेच्या नळाला सुलैबियाच्या विहिरींचं मचूळ पाणी येतं. खारट ओली माती त्या मशीनला चकवते. सलीलही म्हणाला, "जाऊ दे गं."

नाही जाऊ दिलं. सबंध उन्हाळा त्या कोपऱ्याला पाण्याचा थेंब दाखवला नाही. मालकीण, उम्म फैसल, तणतणली, "माझं गवत मारलंस, तू बाई आहेस की ऊन?" माती कोरडी ठणठणीत झाली आणि मशीन गप्प बसलं. शत्रुघ्नचा हेका एकच, वीतभर पुरलं तर वीतभरच असणार, तिथे वाजत नाही म्हणजे नाहीतच. मी म्हटलं, नाही. वर भर पडली, दर वावटळीची धूळ साठली, आणि पाण्यानं भुसभुशीत झालेल्या मातीत नाणी आणखी खाली बसली असणार. पण इथे वाळूखाली सिमेंटसारखा घट्ट थर लागतो, त्याला गच म्हणतात. पहार लागल्याशिवाय तो फुटत नाही, नाणं कसलं फोडतंय! ती गचावरच अडकली असणार. भर उपसली, मशीन पुन्हा फिरवलं. या वेळी एकाच जागी, स्वच्छ आवाज. फडकं कुजून गेलेलं, नाणी मिठानं काळी पडलेली. सगळी आहेत.

तू लिहिलंस, दादा आता मवाळ झालाय. मी एकदा 'विकली' असं कबूल करावं, मग तो माफ करील आणि त्याच्या समिधाच्या लग्नाचं बोलावणं धाडील. कौमुदी, न केलेल्या चोरीची माफी मला नको. आणि नाणी पुढे करून स्वतःला निर्दोष ठरवायचंही नाही. ती सापडली हे सलीलला, शत्रुघ्नला आणि आता तुला माहीत आहे. तू गप्प राहायचंस, माझी शपथ आहे. दादानं नुसत्या माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बोलावलं, तर समिधाच्या ओटीत तिच्या आजीची नाणी मीच घालीन. नाही बोलावलं, तर या दिवाळीपासून ती सलव्यातच पुजली जातील. त्याला फक्त एवढंच सांग: सुहासिनी कबूल करत नाही.

तुझीच,
सुहासिनीवहिनी