करणी नव्हती, आई

आईस, ऱ्होडेशियाच्या खाणीवरून मासाउको गुडघे टेकून नमस्कार करतो.

मी बरा आहे, हे आधी ऐक. दोन महिने हिरड्यांतून रक्त येत होतं, पाय काळेनिळे पडले होते. मुकादम म्हणाला, "सोंग पुरे!" माझ्या खोलीतल्या म्वालेकाकांनी मात्र मला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, "नुसती मक्याची उकड खातोस. फळं नाहीत, भाजी नाही, म्हणून क जीवनसत्त्व संपलंय." गोळ्यांनी आठवड्यात रक्त थांबलं. काका अजून रोज लिंबू आणून देतात. त्यांचे उपकार कसे फेडू?

नाचिसालेमावशीने करणी केली, असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ती माझी चूक. तिला कुणी छळलं नाही ना? हे पत्र सगळ्या गावासमोर वाचून घे आणि माझ्या वतीने तिचे पाय धर.

तुझा, पुन्हा चालू लागलेला,
मासाउको