स्वभावोक्तीला शून्य

मेढा,
दि. २४ जानेवारी १९७८

चि. सौ. हरणा हीस हंबीरदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी, त्यातल्या दोन नमस्कारातच खर्ची पडल्या. लग्नाला आठ महिने झाले म्हणून माणसाने एवढं कंजूष व्हावं का? आई रोज विचारते, पोरीने काय लिहिलंय. मी त्याच चार ओळी रोज जरा वाढवून सांगतो.

आता कामाचं. परीक्षेला सहा आठवडे उरले. सुपारीच्या बैठकीत तुझ्या सासऱ्यांनी, नानासोंनी, चार माणसांसमक्ष शब्द दिला होता की पोरगी दहावीला बसंल, आमची ना न्हाई. जावईबापू मानसिंगरावांनीही पलटणीतून मला तसंच लिहिलं आहे. फॉर्म भरला आहे, हॉल तिकीट तुझ्या पत्त्यावर येईल. पास झालीस की साताऱ्याला डी.एड.चा अर्ज मी स्वतः नेऊन देणार. तेव्हा घोडं मराठीत अडू देऊ नकोस.

सोबत अलंकारांचा कागद आहे. उपमेत एक गोष्ट दुसरीसारखी असते. रूपकात ती दुसरीच होऊन बसते. चेतनगुणोक्तीत निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. अतिशयोक्ती तुला शिकवायला नको. लहानपणी तुला दिसलेला प्रत्येक विंचू वीतभर असायचा. राहिली स्वभावोक्ती. जे आहे ते, जसं आहे तसं हुबेहूब सांगायचं. पोरं हिलाच सोपी समजतात आणि हिच्यातच आपटतात. उदाहरणं स्वतःची कर, घरातल्याच वस्तू घे. गाईडातली मला पाठ आहेत, लगेच पकडीन.

आई लिही म्हणते म्हणून लिहितो: सासरची कुरकूर पत्रात घालू नये. पत्र चार माणसांत वाचलं जातं.

वडील मंडळींना नमस्कार. माया आहेच, ती टपालाने कमी होत नाही.

तुझा,
हंबीरदादा


तासगाव,
दि. २ फेब्रुवारी १९७८

ती. दादास हरणाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मामंजींनी सोप्यात बसून मोठ्याने वाचलं. इथे तशीच पद्धत आहे. पत्र आलं की शेजारचे हरिबा आजोबा आणि आणखी दोघे-तिघे तंबाखू मळत येऊन बसतात, आणि मी आतल्या दाराआडून ऐकते. विंचवाशी सगळे हसले. हरिबा आजोबा म्हणाले, मास्तर लय ग्वाड लिवतोय. अलंकारांच्या कागदापाशी मात्र मामंजी अडखळले. ह्ये साळंचं हाय, तुझं तू बघ, असं म्हणून त्यांनी तो आत पाठवला. माझी पत्रंही तेच वाचून पाकीट चिकटवतात. इकडे सगळे मजेत आहेत. बेदाण्याचा हंगाम सुरू झाला, शेडवर माणसं कमी पडतात.

आईला सांग, कुरकूर लिहिलेली नाही. फक्त अभ्यास केला आहे. तो वेगळ्या कागदावर आहे.

उपमा: बंद घर मिटलेल्या मुठीसारखं असतं.

रूपक: भिंतीतला झरोका हाच तिचा रस्ता.

चेतनगुणोक्ती: कुलूप सकाळी तिच्याकडे पाठ करून बसतं आणि दिवसभर एक शब्द बोलत नाही.

अतिशयोक्ती: तिने त्या भिंतीकडे इतकं पाहिलं की भिंत झिजून कागदाएवढी झाली.

स्वभावोक्ती: सकाळी घरची माणसं शेडवर जातात. दाराला बाहेरून कुलूप लागतं. शेजारची सून मागच्या साली न सांगता माहेरी निघून गेली, तेव्हापासूनची ही पद्धत. आत ती एकटी. झरोक्यातलं ऊन चुलीपर्यंत सरकतं, मग भिंतीवर चढतं. दुपारी रांजण संपतो. दिवस मावळला की किल्ली फिरते.

दादा, तपासून लवकर पाठव. आईला नमस्कार, आणि माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
हरणा


मेढा,
दि. ९ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. हरणास अनेक आशीर्वाद.

तुझ्यासारखंच मीही अभ्यासाचं वेगळ्या कागदावर लिहितो आहे. शाबास! माझ्या वर्गातल्या एकालाही हे जमलं नसतं. कुलपाचं वाक्य मी फळ्यावर लिहून दिलं; पोरांनी टाळ्या वाजवल्या. चार उत्तरांना पुरे मार्क. तुझ्या घरात तवा, पळी, उखळ नाही का गं? सगळीकडे आपलं कुलूप आणि भिंत!

पण स्वभावोक्तीत आपटलीसच. मी सांगून ठेवलं होतं, जे आहे तेच सांगायचं. माणूस आत असताना बाहेरून कुलूप कोण घालतं? तेही नांदत्या घरात, घरच्याच सुनेला? भाषा साधी ठेवलीस म्हणून काय झालं, ही अतिशयोक्तीच. पाचपैकी शून्य. रागावू नकोस. बोर्डाचा तपासनीस माझ्याइतका प्रेमळ नसतो.

हॉल तिकीट आलं का ते कळव. आईने तुझ्यासाठी नाचणीचे पापड करून ठेवलेत, ते परीक्षा झाल्यावर. लोभात मात्र मार्क कापलेले नाहीत.

तुझा,
हंबीरदादा


तासगाव,
दि. १६ फेब्रुवारी १९७८

ती. दादास हरणाचा नमस्कार.

सगळे खुशाल. बेदाणा चांगला उतरतो आहे. अभ्यासाचा कागद सोबत आहे, तो नीट वाच.

दुरुस्ती: पाचव्या उत्तराची दुरुस्ती मला मान्य नाही. पहिली चार उदाहरणं मी रचली होती. पाचवं रचलेलं नाही.

स्वभावोक्ती, उदाहरण दुसरं: तिचं हॉल तिकीट सोमवारी आलं. ते तिच्या सासूबाईंच्या, आत्याबाईंच्या पेटीत आहे. बेदाण्याचं काम आटोपल्यावर बघू, असं ठरलं आहे. काम मार्चअखेर आटोपतं. परीक्षा सहा मार्चला आहे. भूमितीच्या पुस्तकाची पानं व्यापाऱ्यांना नमुना द्यायला, पुड्या बांधायला लागली. अजून प्रमेयं राहिली आहेत, असं ती म्हणाली. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, परमेय खाऊन कुनाचं प्वाट भरतंय व्हय?

दादा, फळ्यावर लिहिलेलं वाक्य पुसून टाक. टाळ्यांचं वाचून मला फार रडू आलं.

तुझी,
हरणा


मेढा,
दि. २१ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. हरणास अनेक आशीर्वाद.

हे पत्र सोप्यात मोठ्याने वाचलं जाणार हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर मुद्दाम ठळक काढलं आहे. पाचव्या उत्तराला पाचपैकी पाच. अकरा वर्षं मी हा अलंकार शिकवतो आहे, आणि माझ्याच बहिणीने लिहिलेला मला वाचता आला नाही. मला लाज वाटते.

तुझं उत्तर इथे पुन्हा उतरवतो. सकाळी घरची माणसं शेडवर जातात. दाराला बाहेरून कुलूप लागतं. आत ती एकटी. दुपारी रांजण संपतो. दिवस मावळला की किल्ली फिरते. तिचं हॉल तिकीट पेटीत आहे.

नानासो मामांना साष्टांग नमस्कार. आपण शब्द दिलात तेव्हा ऐकायला चार माणसं होती. आजही समोर चार असतील. हे उदाहरण खरं की खोटं, ते आपण त्यांनाच विचारावं.

आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, लिव म्हणावं पोरीला, काय वाटंल ते लिव. माझी केंद्रावर नेमणूक आहे, परीक्षा संपेपर्यंत निघता येत नाही. माझा जीव तिथेच आहे असं समज.

तुझा,
हंबीरदादा


तासगाव,
दि. १७ मार्च १९७८

ती. दादास हरणाचा नमस्कार.

हे पत्र कोणी वाचलेलं नाही. शेवटचा पेपर लवकर सोडवून शाळेच्या पायरीवर बसून लिहिते आहे. आत्याबाई फाटकाजवळ लिंबाखाली पेंगताहेत. त्या रोज बरोबर येतात. कोपऱ्यावर टपालपेटी आहे. त्या उठायच्या आत टाकीन.

तुझं पत्र वाचताना मामंजी कुलपापाशी थांबले. हरिबा आजोबा म्हणाले, थांबलासा का नानासो, म्होरं वाचा की. मामंजींनी शेवटपर्यंत वाचलं, पण आवाज खाली गेला होता. हरिबा आजोबा तंबाखू तशीच टाकून उठले. मामंजींनी पेटी उघडायला लावली आणि तिकीट उंबऱ्यावर ठेवलं. त्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून कुलूपही लागलं नाही.

सगळे पेपर दिले. भूमितीचं सांगवत नाही. मराठीत स्वभावोक्तीचं उदाहरण विचारलं होतं. मी बैल पाणी पितो असं काहीतरी लिहिलं. खरं लिहायला हात उचलला नाही.

आता शेवटचं उदाहरण. परीक्षा आज संपली. काल आत्याबाई म्हणाल्या, उद्या संपतंय न्हवं तुझं, मग कागदं बास. कुलूप टाकून दिलेलं नाही. किल्लीसकट दाराशेजारच्या खुंटीला टांगलं आहे. उद्या सकाळी सगळे शेडवर जाणार आहेत.

लोभ टपालाने पुष्कळ पोचला. या खेपेला मार्क देऊ नकोस, दादा. एस.टी.त बस आणि ये.

तुझी,
हरणा