पाहुणे असताना विद्यार्थ्यांना काहीच येत नसल्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा शिक्षणाधिकारी,
जिल्हा शिक्षण कार्यालय, अक-जार.

विषय : कोक-तोर शाळेतील इंग्रजी शिक्षिकेचे पद रद्द न करणे व फेरतपासणी लपून करणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची मला मिळालेली नोटीस.

महोदय,

मी, बुरूल असनालिएव्हा, कोक-तोर गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तपासनीस साहेबांनी सातवीच्या वर्गाला लाल सफरचंद दाखवून रंग विचारला असता एकाही मुलाला सांगता आला नाही, सबब माझे पद नवीन वर्षापासून रद्द करून परदेशी स्वयंसेवकांकडूनच इंग्रजी शिकवून घ्यावे, असे नोटिशीत म्हटले आहे. मुलांना सांगता आले नाही हे खरे. पण त्यांना येत नाही, हे साफ खोटे.

१. आमच्याकडे पाहुण्याने ऐकलेलीच गोष्ट पुन्हा सांगितली तरी ‘ही ठाऊक आहे’ असे कोणी म्हणत नाही. तोंडात बोट घालून ऐकायची, ही रीत आपणांसही माहीत आहे. पहिल्या स्वयंसेविका हेलेनबाई घरून लोकरीची रंगीत फळे शिवून घेऊन आल्या. मुलांनी पहिल्याच तासाला सगळे रंग, सगळी फळे धडाधड सांगून टाकली. बाईंचा चेहरा पडला. रात्री त्या जेवल्याही नाहीत. गावचे वडीलधारे शारशेनआजोबा दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन मुलांना म्हणाले, “लाज नाही वाटत? पाहुणीच्या तोंडचा घास काढून घेतलात.” त्या दिवसापासून पाहुणा वर्गात आला की मुलांना काही म्हणजे काही येत नाही; येते ते त्यानेच शिकवल्यावर, तेही हळूहळू.

२. स्वयंसेवक तीन आठवडे राहतात, आणि नवा येतो तो पुन्हा रंगांपासूनच सुरुवात करतो. तपासनीस साहेब आले तेव्हा वर्गावर सध्याचे स्वयंसेवक कॉनरसर होते. जाडजूड इंग्रजी पुस्तके वाचणारी आमची आयचुरेक सफरचंदाकडे अशी भाबडेपणाने बघत राहिली, की मीच क्षणभर फसले. माझे पद गेले, तर या मुलांची लग्ने होतील तरी रंग संपणार नाहीत.

३. मुलांच्या वह्या मी आपल्या कार्यालयात पाठवल्या होत्या. त्या वह्या शिक्षिकेनेच लिहिल्या असाव्यात, असा शेरा आला.

४. कॉनरसरांना खरे सांगून टाकावे म्हणून मी त्यांच्या मुक्कामी गेले. मी तोंड उघडण्याआधीच ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “बाई, आज पोरं ‘रेड’ म्हणाली! माझ्या जन्माचं सार्थक झालं.” मी चहा घेतला आणि घरी आले.

५. शारशेनआजोबांना माझी अडचण सांगितली. ते म्हणाले, “बाई, तुमची नोकरी मोठी की गावाची अब्रू?” इकडे आड तिकडे विहीर. मुलांनी उत्तर दिले तर गाव मला बोलेल, न दिले तर आपण मला घरी बसवाल. ही शाळा सोडून मला दुसरे काही येत नाही, आणि दुसरीकडे जायची माझी इच्छाही नाही.

६. आपण जातीने येऊन तपासावे, अशी विनंती करणार होते. वर्गात तसे सांगितलेही. आयचुरेकने हात वर केला. “बाई, साहेब गाडीतून येणार, दारात स्वागताचा नान खाणार. म्हणजे पाहुणेच ना ते?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी कपाळाला हात लावला.

तरी कळकळीची विनंती की, आपण अवश्य यावे, पण गाडी पिठाच्या गिरणीपाशीच सोडावी. दारात साय आणि नान पुढे येईल, म्हणून दाराकडे फिरकूच नये. कॉनरसर दुपारी घोड्यावर बसायला शिकतात, त्या वेळी कोळशाच्या खोलीमागून वर्गाच्या खिडकीखाली उभे राहावे. तेव्हा मुले आपसात इंग्रजीतच बोलत असतात. सध्या वाद चालला आहे तो कॉनरसरांना निरोप देताना कोण रडणार याचा. तो ऐकून आपणच ठरवावे.

फक्त खोकू नये. आपण दिसलात की मुले सगळे विसरतील, आणि मला उठून आपणांस चहा विचारावा लागेल.

आपल्या निर्णयावर जिचे घर आणि वर्ग दोन्ही अवलंबून आहेत, ती आपली नम्र,

बुरूल असनालिएव्हा
इंग्रजी शिक्षिका, कोक-तोर
दिनांक : १२ ऑक्टोबर

सोबत : नोटिशीची प्रत.
रिवाजाप्रमाणे अर्जासोबत नान पाठवायला हवा होता. मुद्दामच पाठवलेला नाही. राग नसावा.